तळेगावच्या सेनापतीणबाई : उमाबाई दाभाडे

तळेगावहून चाकणला जाताना वाटेत इंद्रायणीच्या काठी इंदोरी लागतं. कंपन्यांच्या बसेस, नव्याकोऱ्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, शिफ्ट गाठायच्या घाईतले दुचाकीवाले... या सगळ्या गर्दीच्या अगदी शेजारी एका किल्ल्याचा दरवाजा आणि बुरूज उभे आहेत. हा भुईकोट सेनापती खंडेराव दाभाड्यांनी १७२०-२१ च्या सुमारास बांधला. आत कडजाई देवीचं देऊळ आहे. तळेगावच्या नावापुढे जे 'दाभाडे' लागतं, ते याच घराण्याचं.

खंडेरावांबद्दल थोडंफार लिहिलं-बोललं जातं. आज मला लिहायचंय ते त्यांच्या पत्नीबद्दल, उमाबाईंबद्दल.

आपला हा सगळा पट्टा तसा फौजी माणसांचा. देहूरोडला कॅन्टोन्मेंट आहे, तळेगावला सीआरपीएफचं केंद्र आहे, आणि निवृत्त झालेल्या फौजी मंडळींची घरं तर निगडीपासून थेट चाकणपर्यंत विखुरलेली आहेत. नवरा सीमेवर आणि घराचा सगळा भार एकटीवर अशी वर्षानुवर्षं काढलेल्या काकू, मावश्या, आज्या तुमच्याही ओळखीत असतीलच. त्यातल्या काहींच्या वाट्याला 'वीरपत्नी' किंवा 'वीरमाता' हा शब्दही आला असेल. समारंभात शाल-श्रीफळ मिळतं, टाळ्या होतात. मग दुसऱ्या दिवसापासून त्या बाईचं खरं आयुष्य सुरू होतं. पेन्शनचे कागद, जमिनीचे कागद, मुलांचे प्रश्न, भाऊबंदकी. उमाबाई या दोन्ही होत्या, सेनापतीच्या पत्नी आणि सेनापतीच्या आईही. तेही अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी. त्यांचं आयुष्य वाचताना मला सारखं वाटत राहिलं की आपण त्यांच्या एका पराक्रमाची गोष्ट सांगतो आणि त्यापुढची वीस वर्षं विसरून जातो. खरं तर त्या वीस वर्षांतच त्या कळतात.

माहेर

उमाबाई मूळच्या नाशिककडच्या. कळवण तालुक्यातल्या अभोण्याच्या देवराव ठोके देशमुखांची मुलगी. त्या भागाची देवी म्हणजे वणीची सप्तशृंगी. गडावर देवीच्या मंदिरापर्यंत चढून जाणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत ना, सुमारे ४७०, त्या उमाबाईंनी बांधल्या, साधारण १७१० मध्ये. त्यासंबंधीचे शिलालेखही तिथे आहेत. म्हणजे खंडेराव सेनापती व्हायच्या आधीच, माहेरच्या देवीच्या कड्यावर एवढं मोठं काम या बाईंच्या नावावर जमा होतं!

सासर तितकंच तालेवार. खंडेरावांचे वडील येसाजी दाभाडे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. १६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निघून जिंजीला पोचले त्या खडतर प्रवासात खंडेराव त्यांच्या सोबत होते. पुढे ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. गुजरात-खानदेशात त्यांनी जम बसवला. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा मोगलांचा व्यापारी रस्ता त्यांनी असा काही रोखून धरला, की दख्खनचा सुभेदार हुसेन अली याला खास फौज पाठवावी लागली. ती फौज मारली गेली, तिचा सरदार झुल्फिकार बेगही पडला. त्यानंतर जानेवारी १७१७ मध्ये शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आज आपण 'पेशवे आणि त्यांचे सरदार' अशा चित्राने विचार करतो. त्या काळी तसं नव्हतं. पेशवा आणि सेनापती ही दोन्ही अष्टप्रधानांतली पदं, दोघेही छत्रपतींचे चाकर. कोण कुणाच्या हाताखाली, असा प्रश्नच नव्हता. पुढचा सगळा झगडा या एका गोष्टीवरून झाला.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीला गेले आणि चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. त्या दिल्लीच्या मोहिमेत खंडेराव दाभाडेही होते. म्हणजे बाळाजीपंतांच्या पत्नी राधाबाई आणि खंडेरावांच्या पत्नी उमाबाई, दोघींचे यजमान एकाच मोहिमेवर, एकाच रस्त्याने दिल्लीला गेलेले. राधाबाईंचं नाव मुद्दाम घेतलंय. त्या पुन्हा येणार आहेत.

डभईची लढाई

खंडेराव २७ सप्टेंबर १७२९ ला गेले. जानेवारी १७३० मध्ये थोरल्या मुलाला, त्र्यंबकरावांना सेनापतिपद मिळालं. उमाबाईंना तीन मुलगे, त्र्यंबकराव, यशवंतराव आणि सवाई बाबूराव. तीन मुलीही होत्या.

तोवर सातारच्या दरबारात वारं बदललं होतं. बाळाजीपंत १७२० मध्येच गेले होते आणि त्यांच्या जागी त्यांचा विशीतला मुलगा बाजीराव पेशवा झाला होता. त्याची भूक मोठी होती (वाईट अर्थाने म्हणत नाही). त्याला गुजरातच्या चौथाईत हिस्सा हवा होता. पेशव्यांनी मोगल सुभेदाराशी, सरबुलंदखानाशी परस्पर करार करून तसा हक्कही मिळवला. दाभाड्यांच्या दृष्टीने ही सरळसरळ घुसखोरी होती. गुजरात त्यांनी कमावलेला. खंडेरावांनी आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांनी, म्हणजे मुख्यतः खेड तालुक्यातल्या दावडीच्या गायकवाडांनी आणि कंठाजी कदम बांड्यांनी. पिलाजी गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगड घेऊन तिथे ठाणं केलं होतं. आणि आता त्यात पेशव्यांचा वाटा कशासाठी?

त्र्यंबकराव निजामाशी बोलणी करू लागले. पेशव्यांच्या बाजूने पाहिलं तर हा द्रोह, दाभाड्यांच्या बाजूने पाहिलं तर नाइलाज. खरं काय ते आज ठरवणं कठीण आहे, आणि मला त्यात पडायचंही नाही.

१ एप्रिल १७३१. गुजरातेत डभईजवळ दोन मराठी फौजा समोरासमोर आल्या. एका बाजूला बाजीराव पेशवे, दुसऱ्या बाजूला सेनापती त्र्यंबकराव. पेशव्यांची फौज कमी होती तरी ते जिंकले. त्र्यंबकराव हत्तीवरून लढत होते, गोळी लागून ते ठार झाले. आणि ही गोळी समोरून आलीच नाही, असंही सांगतात. त्र्यंबकरावांचे मामा भाऊसिंग ठोके यांनी फितूर होऊन ती घातली, अशी कथा आहे. खरी-खोटी कशीही असो, तीनशे वर्षं ती टिकली आहे. मामा म्हणजे उमाबाईंच्या माहेरचा माणूस! एका बाईवर याहून कठीण प्रसंग कुठला यावा?

मोगलांशी लढताना मुलगा पडला असता, तर आईला दुःख झालं असतंच. पण त्या दुःखाला निदान एक जागा असती. शत्रू असता, गावात पोवाडे झाले असते. इथे मुलाला मारणारे त्याच छत्रपतींचे चाकर, त्याच झेंड्याखालचे. नवऱ्याला जाऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

तळेगावात महाराज

शाहू महाराजांना या प्रकरणाचं गांभीर्य लगेच कळलं असावं. ते स्वतः तळेगावला आले, उमाबाईंचं सांत्वन करायला. छत्रपतींनी एका सरदाराच्या विधवेच्या दारात येणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

या भेटीची एक आख्यायिका आहे. महाराजांनी बाजीरावांना उमाबाईंच्या पायावर घातलं, तलवार बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, घ्या सूड! आणि बाईंनी त्यांना माफ केलं. ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण मला ती तितकी पटत नाही. कारण त्या क्षणी मन मोकळं झालं असतं, तर पुढची वीस वर्षं तशी गेली नसती. बाईंनी तलवार चालवली नाही हे खरं, पण माफ केलं असं मला तरी वाटत नाही. छत्रपतींसमोर दुसरं करण्यासारखं होतं तरी काय!

प्रत्यक्षात जे घडलं ते व्यवहाराचं होतं. सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात राहिलं, दुसऱ्या मुलाला, यशवंतरावांना मिळालं. ते वयाने लहान, त्यामुळे कारभार उमाबाईंकडे. गुजरात सेनापतींचा आणि माळवा पेशव्यांचा, एकमेकांच्या मुलखात जायचं नाही. मात्र गुजरातच्या उत्पन्नातला निम्मा हिस्सा पेशव्यांच्या हस्ते सरकारात भरायचा. ही शेवटची अट उमाबाईंच्या मनाला कायम डाचत राहिली. मुलगा मारल्यावर, दुसरा इलाज नसताना केलेला करार.

त्यानंतर शाहू महाराज हयात होते तोवर, अठरा वर्षं, हा निम्मा हिस्सा दाभाड्यांनी काही भरला नाही. भांडण नाही, नकाराचं पत्र नाही, नुसते पैसे नाहीत. महाराजांनीही ताणून धरलं नाही. मला ही उमाबाईंची सगळ्यात मोठी लढाई वाटते. आवाज न करता अठरा वर्षं लढलेली.

अजून एक गोष्ट या सुमारास तळेगावातून पुण्याला गेली. खंडेराव दाभाडे दरवर्षी श्रावणात तळेगावला विद्वान ब्राह्मणांना जेवण आणि दक्षिणा देत. डभईनंतर बाजीरावांनी ही प्रथा पुण्यात सुरू ठेवली. तीच पुढे पेशव्यांची प्रसिद्ध 'श्रावणमास दक्षिणा' झाली. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने तो पैसा पूर्ण बंद न करता त्यातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. पुण्याच्या विद्येचा एक झरा असा तळेगावात उगम पावलेला आहे. हे पुण्याच्या मित्रांना जरूर सांगा, काय म्हणतात ते मलाही कळवा :)

गुजरातची स्वारी

आता ती प्रसिद्ध गोष्ट. १७३२ मध्ये जोधपूरच्या अभयसिंहाने, जो तेव्हा गुजरातचा मोगल सुभेदार होता, पिलाजी गायकवाडांचा डाकोरला दगाफटक्याने खून करवला. बोलणी करायला आलेल्या माणसांनी कानात काही सांगायच्या निमित्ताने जवळ जाऊन कट्यार चालवली. पिलाजी म्हणजे गुजरातेत दाभाड्यांचा उजवा हात. खंडेराव गेले, त्र्यंबकराव गेले, आणि आता पिलाजीही गेले. कुणालाही वाटलं असतं, तळेगावकरांचं गुजरातमधलं प्रकरण आटोपलं.

उमाबाई स्वतः फौज घेऊन निघाल्या. सोबत पिलाजींचा मुलगा दमाजी गायकवाड आणि कंठाजी कदम. १७३३ च्या सुमारास त्या अहमदाबादेवर जाऊन धडकल्या. विधवा बाई, पांढऱ्या वस्त्रांत, फौजेच्या पुढे. तिला पाहून किल्ल्यातून हेटाळणीचे निरोप आले आणि मग बाईंनी कसं पाणी दाखवलं, अशा गोष्टी मावळात अजून सांगतात. त्यातल्या बारीकसारीक तपशिलाची खात्री देता येत नाही. पण निकाल नोंदलेला आहे. सुभेदाराला तह करावा लागला. चौथाई आणि सरदेशमुखी तर कबूल झालीच, शिवाय अहमदाबादच्या महसुलातून ८०,००० रुपये. आणि ते मिळेपर्यंत जवानमर्दखान बाबी ओलीस.

परत आल्यावर शाहू महाराजांनी बाईंना पायात सोन्याचे तोडे घालायचा मान दिला असंही सांगतात. मराठ्यांच्या इतिहासातल्या एकमेव स्त्री-सेनापती म्हणून उमाबाईंचं नाव घेतलं जातं ते या मोहिमेमुळे. १७३४ मध्ये बडोदं दमाजींच्या हाती कायमचं आलं.

शाळेतल्या भाषणांमध्ये गोष्ट इथेच संपते. बाई घोड्यावर, हातात तलवार, टाळ्या. पण त्यानंतर उमाबाई आणखी वीस वर्षं जगल्या.

घरातलं दुखणं

यशवंतराव मोठे झाले, पण कर्ते झाले नाहीत. व्यसनाने त्यांना घेरलं. सेनापतीचा शिक्का त्यांच्या नावाचा आणि कारभार आईच्या खांद्यावर, असं वर्षानुवर्षं चाललं. घरात असा मुलगा असणं म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एक मुलगा लढाईत गेला आणि दुसरा डोळ्यांसमोर असून नसल्यासारखा.

आणि याचा परिणाम राज्यावर झाला. सेनापतीची ताकद कशात? तर फौजेच्या पुढे स्वतः असण्यात. वसुली जो करतो, शिपायांचा पगार जो देतो, शिपाई त्याला धनी समजतात. मालक तळेगावात आणि दमाजी गायकवाड गुजरातेत. पैसा दमाजींच्या हातातून तळेगावला यायचा. पहिली काही वर्षं तो 'सेनापतींचा' पैसा होता. पुढे हळूहळू तो 'गायकवाडांनी पाठवलेला' पैसा झाला. हा बदल एका दिवसात झाला नाही, कुणी बंडही केलं नाही. (आपल्याकडे जमीन काकाच्या नावावर आणि कसणारा पुतण्या, असं असलं की पुढे काय होतं? तसंच!) उमाबाईंना पेशव्यांनी जेवढं हरवलं, तेवढंच या अंतराने हरवलं असं मला वाटतं.

आळंदी, नोव्हेंबर १७५०

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले. उमाबाईंचा एकमेव आधार गेला. आता पेशवे होते बाजीरावांचे चिरंजीव बाळाजी, म्हणजे नानासाहेब. त्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्यांनी जुना कागद काढला, गुजरातचा निम्मा हिस्सा टाका!

उमाबाईंनी आधी आपले कारभारी यादव महादेव निरगुडे यांना बोलणी करायला पाठवलं. काही जमेना. मग त्या स्वतः निघाल्या. नोव्हेंबर १७५० मध्ये आळंदीला पेशव्यांची आणि त्यांची भेट झाली.

ही भेट माझ्या डोळ्यांसमोर नेहमी येते. आळंदी आपल्या किती जवळची! तळेगावहून इंद्रायणी धरून खाली आलं की देहू आणि मग आळंदी. समोर तिशीच्या आतले पेशवे, आपल्या मुलाला मारणाऱ्याचा मुलगा. आणि इकडे नवरा जाऊन एकवीस वर्षं झालेली, मुलगा जाऊन एकोणीस वर्षं झालेली म्हातारी बाई. त्यांचं म्हणणं एकच होतं, तो करार आमच्यावर लादलेला होता, आम्ही राजीखुशीने केलेला नाही, तो रद्द करा.

किती साधं आणि किती खरं! आजच्या कोर्टातही हा मुद्दा टिकेल. पण पेशव्यांनी मानलं नाही. राज्य चालवायला पैसा हवा होता आणि कागदावर सही होती.

मग उमाबाईंनी दुसरा रस्ता धरला. साताऱ्यात तेव्हा राजाराम महाराजांच्या विधवा ताराबाई पेशव्यांच्या विरुद्ध उभ्या होत्या. १७०० मध्ये पंचविशीत विधवा झालेल्या आणि औरंगजेबाशी लढलेल्या ताराबाई, आता पंचाहत्तरीत! त्यांनी त्याच महिन्यात छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत टाकलं. उमाबाईंनी त्यांच्या मदतीला दमाजी गायकवाडांना १५,००० फौज देऊन पाठवलं. दोन म्हाताऱ्या विधवांनी मिळून पेशवाईला घाम फोडला, असा प्रसंग आपल्या इतिहासात दुसरा नसेल.

मार्च १७५१ मध्ये साताऱ्याजवळ निंब इथे दमाजींनी पेशव्यांच्या मोठ्या फौजेला हरवलंही. पण पुढे वेण्णेच्या काठी पारडं फिरलं. नानासाहेब निजामाच्या सरहद्दीवरून तातडीने परत आले. तहाची बोलणी चालू असताना ३० एप्रिलच्या संध्याकाळी दमाजींच्या छावणीवर हल्ला झाला आणि दमाजी कैद झाले. मागणी काय? निम्मा गुजरात आणि २५ लाख रुपये दंड. तेव्हा दमाजींनी उत्तर दिलं की मी दाभाड्यांचा चाकर आहे, मला हे परस्पर देता येणार नाही, उमाबाईंना विचारा.

हे उत्तर वाचलं की बरं वाटतं. पण ते टिकलं नाही. मे महिन्यात दाभाडे मंडळीही कैद झाली, उमाबाईंसकट. जहागीर गेली. दमाजींना पुढे लोहगडावर ठेवलं. शेवटी १७५२ मध्ये दमाजींनी पेशव्यांशी समेट केला. १५ लाख रुपये दंड, दरसाल सव्वापाच लाख, आणि दाभाड्यांची बाजू सोडायची. वर दाभाड्यांच्या खर्चासाठी काही नेमणूक द्यायची. काल जे मालक होते, त्यांना आता चाकराकडून पोटगी!

दमाजींना मी दोष देत नाही. त्यांनी आधी कैद सोसली होती आणि त्यांना आपला मुलूख वाचवायचा होता. बडोद्याचं राज्य त्यातून उभं राहिलं. पण तळेगावचं सेनापतिपद त्या दिवशी नावापुरतं उरलं.

उमाबाईंनी चूक केली का? ताराबाईंची बाजू घेऊन मराठ्यांचंच सैन्य मराठ्यांवर घातलं, हे खरंच आहे. निंबला पडलेल्या शिपायांनाही आया होत्या. डभईला जे पेशव्यांनी केलं, तेच वीस वर्षांनी साताऱ्यापाशी उमाबाईंनी केलं, असंही कुणी म्हणेल आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. पण एक फरक मला दिसतो. बाईंनी आधी माणूस पाठवला, मग स्वतः जाऊन समोरासमोर विनवणी केली, आणि दोन्ही दारं बंद झाल्यावर तलवार काढली.

१७५३

आता राधाबाईंकडे येतो. बाजीरावांची आई. कोकणातल्या बर्व्यांची मुलगी, बाळाजी विश्वनाथांची पत्नी. त्याही ऐन संसारात, १७२० मध्ये विधवा झाल्या. १७३५-३६ मध्ये त्या उत्तरेत काशीयात्रेला गेल्या, तेव्हा मुलाच्या दराऱ्यामुळे राजपूत राजांनी आणि मोगल अंमलदारांनीही त्यांची सरबराई केली. पण १७४० या एकाच वर्षात त्यांचे दोन्ही मुलगे गेले, एप्रिलमध्ये बाजीराव आणि डिसेंबरमध्ये चिमाजी अप्पा. जिंकलेल्या मुलाची आईही शेवटी मुलांच्या मागे उरलीच.

राधाबाई मार्च १७५३ मध्ये वारल्या. उमाबाई त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला पुण्यात वारल्या. आठ महिन्यांचं अंतर. दोघींचे नवरे एकत्र दिल्लीला गेले होते, मुलगे डभईला एकमेकांसमोर उभे राहिले. या दोघी आपसात कधी काही बोलल्या असतील का, या विचाराने मी बराच वेळ अडकून बसतो.

आणि दैवाचा खेळ कसा बघा, त्याच १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाडांनी मिळून अहमदाबाद जिंकलं. वीस वर्षांपूर्वी ज्या शहराला उमाबाईंनी वेढा घातला, ते अखेर मराठ्यांचं झालं. दाभाड्यांना त्यात काही नव्हतं. यशवंतरावही पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये गेले.

काय आठवायचं?

इतिहासात हरलेल्या बाजूच्या बाईंना जागा मिळणं अवघड. पेशव्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांना उमाबाई म्हणजे एक अडथळा, आणि पेशव्यांच्या विरुद्ध लिहिणाऱ्यांना त्या म्हणजे हातात धरायला एक काठी. आजकाल नेटवर तर या विषयावर जातीवरून जी धुळवड चालते, ती वाचवत नाही. त्यात ती बाई कुठेच नसते.

मला बाजीराव आवडतात आणि उमाबाईंबद्दल माया वाटते. यात काही विरोध आहे असं मला वाटत नाही. मोठं राज्य उभं राहताना कुणाच्या तरी अंगणात त्याची किंमत मोजली जाते, आणि डभईची किंमत तळेगावात मोजली गेली. ती किंमत विसरून जा, झालं गेलं गंगेला मिळालं, असं सगळे सांगत असताना एक बाई वीस वर्षं म्हणत राहिली की नाही, हे बरोबर झालं नाही. शेवटी तिला काही मिळालं नाही. पण तिने मागणं सोडलं नाही, म्हणून तर आपल्याला आज कळतं की तिथे काही अन्याय झाला होता. नाहीतर डभई म्हणजे बाजीरावांच्या विजयांच्या यादीतली नुसती एक ओळ उरली असती.

आपल्या ओळखीतल्या त्या फौजी घरांतल्या काकू-मावश्यांकडे मी आता थोडं वेगळ्या नजरेने बघतो. पंधरा ऑगस्टला आपण त्यांना स्टेजवर बसवतो. पण एखाद्या साध्या दिवशी त्या पिशवीत कागद घेऊन एखाद्या कचेरीच्या बाकावर बसलेल्या असतात, तीही लढाईच असते. तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला हवं.

उमाबाईंची समाधी तळेगावात बनेश्वराच्या देवळापाशी आहे. तळेगावात राहणाऱ्या माझ्या कितीतरी नातेवाइकांनी ती पाहिलेली नाही, त्यांनी एखाद्या रविवारी जरूर जावं. आणि वणीला जाल तेव्हा, आता २०१८ पासून वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, गुडघे दुखणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण जमत असेल तर उतरताना तरी पायऱ्यांनी उतरा. मावळातल्या एका सुनेने माहेरच्या देवीसाठी बांधलेल्या त्या पायऱ्यांवरून तीनशे वर्षं माणसं चढता-उतरताहेत. जहागिरी गेली, सेनापतिपद गेलं, पायऱ्या आहेत.

असो. बरंच लांबलं. दावडीच्या गायकवाडांबद्दलही लिहायचं मनात आहे, ते पुन्हा केव्हातरी.